विहिरीत शिकलेला सरळ पोहत नाही

नाना, लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा मान तुमच्या मुलांचा, नाहीतर तुमच्या पलटणीतल्या कुणाचा. मी तुमचा कुणी लागत नाही. नात्यात नाही, भावकीत नाही, जातीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, त्यामुळं मनातलं कागदावर कसं उतरवतात हे मला घरात कुणी दाखवलेलं नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "यंदा तू तीन ट्रायथलॉनला उतरलास, त्या हंगामावर लिही." मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा दुसऱ्याच वाक्यात तुम्ही आलात. म्हणून आता सरळ तुम्हालाच लिहितो. चुकलं तर नेहमीसारखं "काय रं कालेज, ह्ये काय लिवलंस?" असं म्हणा.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो. तुमच्या मातीला मी नव्हतो. तुम्हाला अग्नी दिला तेव्हा मी शर्यतीत होतो. गावात अजून त्यावर बोलतात. परवा पारावर एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्यानं पोहायला शिकीवलं त्याच्या मातीला आलं न्हाई, आन् मेडल घालून फिरतंय." मेडल घालून मी फिरलो नाही, ते माझ्या खोलीवर बॅगेत आहे. बाकीचं खरं आहे. याची मला लाज वाटली पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं. मी दीड महिना प्रयत्न केला, नाना. वाटत नाही. का वाटत नाही, तेवढंच लिहायचं आहे.

बारावीची परीक्षा झाली होती आणि पोलीसभरतीसाठी मी रोज पहाटे औंधच्या रस्त्याला पळायचो. तुम्ही मागून सायकलवर आलात. अंगात फौजेतली जुनी बनियन, डोक्याला मफलर. बराच वेळ माझ्या बरोबरीनं सायकल चालवलीत आणि मग विचारलंत, "पळतोस चांगलं. पोहायला येतं का?"

"न्हाई."

"सायकल?"

"येती."

"मग एक तिसरा हिस्सा माणूस कमी हाईस."

तुम्हाला फौजेतून येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. साहेबलोक करतात तशी एक शर्यत तुम्ही मोबाइलवर बघितली होती. आधी पोहायचं, त्याच ओल्या अंगानं सायकल, आणि सायकलवरून उतरून पळायचं. ट्रायथलॉन हा शब्द तुम्ही कधी वापरला नाहीत. तुम्ही "तिन्ही" म्हणायचात. "मला तिन्ही करायचंय, जोडीला कुणी न्हाई. पोरं दमत्यात आन् म्हातारी हसत्यात." छप्पन्न वर्षांचा माणूस मला असं सांगत होता. मी हसलो नाही, कारण मला धाप लागली होती.

मला पोहता येत नव्हतं याचं कारण साधं आहे. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकडेला. आमच्यात कुणाच्या मालकीची विहीर नाही, आणि विहीर नाही तिथं पोहणारा तयार होत नाही. ओढा चार महिने वाहतो, तोही गुडघाभर. तुमची विहीर तुमची आणि तुमचे चुलतभाऊ आप्पा यांची, सामाईक. तिच्यात गावातली तुमच्याकडची सगळी पोरं शिकली. मी अठराव्या वर्षी पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून उतरलो, तेव्हा वरून उड्या मारणारी सहा-सात वर्षांची पोरं ओरडत होती, "दादा, बुडबुड घागरी!" तुम्ही खालून ओरडलात, "ए, गप बसा. त्यो तुमच्याहून तिप्पट जड हाय, त्याला तिप्पट वेळ लागंल."

दुसऱ्याच दिवशी आप्पा काठावर आले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. जातीचंही घेतलं नाही, तसं आता कुणी घेत नाही. ते म्हणाले, "नाना, मोटारीचा करंट असतोय पाण्यात. उद्या काय झालं म्हंजी निस्तरायचं कुणी? आन् आमच्या पाळीच्या दिवशी तर अजाबात न्हाई."

विहिरीचं पाणी तुम्ही दोघं पाळीनं उपसायचात. तीन दिवस तुमचे, तीन त्यांचे, रविवार आलटून पालटून. तुम्ही काय केलंत ते मला आठवडाभरानं कळलं. सगळे रविवार स्वतःकडं घेतलेत आणि बदल्यात आपला गुरुवार आप्पांना दिलात. गुरुवारी दिवसा लाइट असायची. रविवारी दिवसा नसायची, म्हणजे मोटार चालायचा प्रश्नच नाही आणि करंटचाही नाही. आप्पा खूश, त्यांना दिवसाचं पाणी मिळालं. त्या गुरुवाराच्या बदल्यात तुम्ही किती वेळा रात्रीचं पाणी पाजलंत ते नानींना ठाऊक. सांगलीच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं, तेव्हा मला तुम्ही एवढंच म्हणालात, "कालेज, तुझ्या सुट्टीचा दिस पक्का केलाय. आता कारण सांगू नगंस."

मग माझं सांगलीला कॉलेज सुरू झालं, माधवनगरला खोली घेतली. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, त्या तालावर झोप लागायची. सांगलीला नदी आहे, पण कृष्णेत मगरी आहेत, तिथं कोण उतरतंय? म्हणून शनिवारी सकाळी सायकल काढायची, विट्यावरून गाव गाठायचं, रविवारी विहीर, दुपारी परत. मी पोचेपर्यंत तुम्ही पुसेसावळीच्या फाट्यावर येऊन थांबलेले असायचात. "बारा मिनटं उशीर. चहाला थांबला हुतास का?" मी थांबलेलो असायचो. खोटं बोललो की तुम्ही फक्त मान हलवायचात.

यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या आपण किती वेळा पळत चढलो? वर गेलं की तुम्ही आत दर्शनाला जायचात आणि मी बाहेर पाय ताणत उभा राहायचो. आत का येत नाहीस असं तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि का जात नाही ते मीही कधी सांगितलं नाही. बाहेर येऊन तुम्ही खोबऱ्याचा तुकडा पुढं करायचात. मी खायचो. त्यावर एकदा नीट बोलायला हवं होतं आपण.

विहिरीतलं अंतर तुम्ही दोरीनं मोजलं होतं. कडेकडेनं चव्वेचाळीस फेऱ्या म्हणजे दीड किलोमीटर. नानी पायरीवर चिंचोके घेऊन बसायच्या, फेरी झाली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडं. मध्येच त्यांना बाजूच्या बाईशी बोलायची लहर आली की आपल्या दोन-तीन फेऱ्या जास्त व्हायच्या. त्या फेऱ्या तुम्ही मनातल्या मनात मोजायचात आणि वर आल्यावर भांडायचात. "अगं, सत्तेचाळीस झाल्या!"

"मग काय बिघडलं? पानी कमी झालं का?"

दिवाळी झाली आणि हंगामातली पहिली शर्यत आली. वाईजवळ धोमच्या धरणात. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा पळणं. एवढं रुंद पाणी मी जवळून कधी बघितलं नव्हतं. पन्नाशीच्या पुढच्यांना हिरवी टोपी, आम्हा पोरांना पिवळी. पाण्यात लांबवर नारिंगी फुगे सोडलेले, त्यांना वळसा घालून यायचं. तुम्ही म्हणालात, "फुग्याकडं बघूच नगंस, घाबरशील. माझ्या टोपीमागं ये."

मी तुमच्या टोपीमागं आलो.

नाना, तुम्ही पन्नास वर्षं गोल विहिरीत पोहलात. भिंत कायम उजव्या हाताला, कायम डावीकडं वळत. तुमच्या खांद्यालाच ते वळण पडलं होतं. मीही तुमच्याकडंच शिकलो, मलाही तेच. पाण्यात भिंत नव्हती, आणि आपण दोघं इमानदारीनं डावीकडं वळत राहिलो. मला वाटलं, किती छान चाललंय, आजूबाजूला कुणाची गर्दीसुद्धा नाही. डोकं वर काढलं तेव्हा समोर ट्यूबवर बसलेला एक मासे धरणारा माणूस होता आणि त्याचं जाळं माझ्या पायाला लागलं होतं.

तो म्हणाला, "ओ पाव्हणं, म्हशी धुवाय आलाय का? शर्यत तिकडं चाललीया!"

तुम्ही पाण्यात उभं राहायचा प्रयत्न केलात, पाय टेकेनात. त्या माणसाला तुम्ही काय विचारलंत आठवतं का? "तिकडं म्हंजी कुणीकडं?" तो एवढा हसला की ट्यूबवरून पडायचा राहिला.

मग होडी आली. होडीतला मुलगा म्हणाला, "काका, वेळ संपली. वर या." तुम्ही म्हणालात, "वेळ कशी संपली? आमी तर सगळ्यांपरास जास्त पोहलोय." तो म्हणाला, नियम आहे. तुम्ही म्हणालात, नियम मान्य, होडी नको, आम्ही पोहतच येतो. त्यानं ऐकलं नाही. दंडाला धरून आपल्याला वर घेतलं. पाण्यातून असं काढलं जाणं मला फार लागलं. मी होडीत मान खाली घालून बसलो होतो. तुम्ही मात्र मान उंच करून काठावरच्या लोकांना हात दाखवत होतात, पुढारी दाखवतात तसा.

काठावर मी कपडे बदलायला लागलो. तुम्ही सायकलला टांग मारलीत. मी म्हणालो, "आवं नाना, आपल्याला बाद केलंय."

"शर्यतीतनं बाद केलंय. सायकल आपली हाय, रस्ता सरकारी हाय. चल."

छातीवरचे नंबर काढून आपण चाळीस किलोमीटर सायकल मारली आणि दहा किलोमीटर पळालो. परत आलो तेव्हा लोक गेले होते. शेवटच्या रेषेवरची फुगवलेली कमान हवा काढल्यामुळं खाली बसत होती. दोन कामगार तिची घडी घालायला उभे होते. तुम्ही "थांबा थांबा" करत आलात आणि त्या निम्म्या पडलेल्या कमानीवरून उडी मारून पलीकडं गेलात. मीही मारली. त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसाच्या निकालात आपलं नाव नाही. पण मला विचाराल तर माझी पहिली शर्यत तीच.

पुढच्या रविवारी तुम्ही चुना कालवून विहिरीच्या समोरासमोरच्या भिंतींवर दोन पांढरे पट्टे मारलेत. आता फेरी नाही, या पट्ट्यापासून त्या पट्ट्यापर्यंत सरळ. सहा हात मारले की डोकं वर, पट्टा बघायचा. आणि शेवटी दहा फेऱ्या उलट्या, भिंत डाव्या हाताला घेऊन. आप्पा काठावरून म्हणाले, "आता हीर उलटी फिरवायला लागलाय व्हय?" तुम्ही म्हणालात, "पन्नास वर्सं सुलटी फिरीवली, मासेवाल्याच्या जाळ्यात गेलो."

दुसरी शर्यत कोल्हापूरला, तलावात. तिथं दोरी लावलेली होती, डावीकडं जायला जागाच नव्हती. आपण दोघांनी वेळेत पुरी केली. तुमच्या वयोगटात तुम्ही तिसरे आलात. एकूण चौघं होते हे तुम्ही गावात कुणाला सांगू दिलं नाहीत.

आणि मग गावात सत्कार झाला. ते लिहू का नको, याचा मी खूप विचार केला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल फक्त चांगलं लिहावं असं म्हणतात. पण ते गाळलं तर हे पत्र तुम्हाला आहे असं म्हणता येणार नाही.

ग्रामपंचायतीसमोर मांडव, शाल, नारळ. तुमच्या हातात माइक आला. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "ह्या पोराला मी पाण्यात उतरीवला. न्हाईतर ह्यांच्यात पोहायला येतंय कुणाला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मनापासून म्हणत होतात, कौतुकानं. माझी आई बायकांमध्ये मागं बसली होती. तिनं टाळी वाजवायला उचललेले हात पुन्हा मांडीवर ठेवले, ते मी बघितलं.

परत जाताना मी तुम्हाला ओढ्याच्या पुलावर अडवलं. तुमच्याशी मी कधी वर मान करून बोललो नव्हतो. मी म्हणालो, "ह्यांच्यात म्हंजी कुणाच्यात, नाना?"

"अरं, त्यात काय? खरंच हाय की. कुणाला येतंय सांग?"

"येत न्हाई कारण येऊ दिलं न्हाई. तुमी उतरीवला म्हनताय. पाणी तुमचं हुतं का?"

"मग कुणाचं? माझ्या आज्ज्यानं खणलीया हीर."

"हीर आज्ज्याची. पाणी न्हाई."

तुम्ही लाल झालात. "मी तुझ्यासाठी गुरुवार सोडला," एवढंच म्हणालात आणि निघून गेलात. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकदम. दोन रविवार मी गावाला आलो नाही. माधवनगरच्या रस्त्यावर पळत राहिलो. पाण्यावाचून हंगाम बुडणार हे मला कळत होतं, पण तुमच्या विहिरीत उपकाराखाली पोहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तिसऱ्या शनिवारी दुपारी खोलीच्या खाली घंटी वाजली. तुम्ही सायकलवर. गावापासून माधवनगरपर्यंत सायकल मारत आला होतात, हँडलला नानींच्या धपाट्यांची पिशवी. वर या म्हणालो तर आला नाहीत. रस्त्यातच उभं राहून बोललात.

"दोन रविवार रिकामं गेलं."

मी हँडलच्या पिशवीकडं बघत होतो.

"तू बोल्लास त्याचा इचार करतोय. अजून पटलं न्हाई. पटलं की सांगतो." मग पिशवी माझ्या हातात दिलीत. "तंवर पोहायला काय हरकत हाय?"

मी हसलो. तुम्ही नाही हसलात. पाणी प्यालात आणि तसेच परत निघालात, एका दिवसात दोन्हीकडचं अंतर. "मला मुक्कामाला जागा न्हाई म्हनून न्हाई, सराव म्हनून जातोय," असं ओरडून गेलात. एखादा सॉरी म्हणून मोकळा झाला असता. पटलं की सांगतो म्हणणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. मी दुसऱ्या दिवशी विहिरीवर आलो. कुणाच्या उपकारावर नाही, आपलं भांडण अजून चालू आहे म्हणून आलो. ते अजूनही चालू आहे, नाना. माझं म्हणणं मी मागं घेतलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून घेणारही नाही.

मग तुम्हाला ताप आला. सुरुवातीला अंगावर काढलात, मग साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. न्यूमोनिया म्हणाले. गावात लगेच सुरू झालं, म्हाताऱ्याला पाण्यानं खाल्लं, थंडीच्या दिवसांत हिरीत उतरत हुता. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला कळेल असं सांगितलं, हा जंतूचा आजार आहे, विहिरीचा नाही. पण लोकांना पटत नाही. बरं, समजा, पाण्यानंच झाला. मग? आपल्या गावात पन्नाशीतच बसल्या जागी गेलेले काय कमी आहेत? त्यांच्या मातीला कुणी म्हणालं नाही की ह्याला पारानं खाल्लं.

शेवटची शर्यत रविवारी होती, पुन्हा धोमला. गुरुवारी मी साताऱ्याला तुमच्याजवळ आलो. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता, तो खाली ओढून तुम्ही म्हणालात, "ह्यो लावून पोहायला दिलं तर पैला येईन." मी म्हणालो, मी जात नाही, इथंच थांबतो. तुम्ही डोळे वटारलेत.

"हितं बसून काय करशील? मला पंखा हलीवशील? त्यासाठी ही हाय की." नानी पलीकडं मोसंबी सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मी कशाला हलवू? वर फिरतोय की पंखा."

तुम्ही म्हणालात, "कालेज, मागच्या बारीला दोघं बाद झालोय. एकानं तरी धोम फिटवाय पायजे."

मी म्हणालो, "झाल्या झाल्या फोन करतो."

"आधी पाणी पी. मग कर."

एवढंच. तुम्हाला पटलं का, हे मी विचारलं नाही. तुम्हीही काढलं नाहीत. दोन तास मी त्या लोखंडी स्टुलावर बसलो होतो आणि आपण सायकलच्या टायरवर बोललो. आभार मानायचे राहिले, हे मला नंतर सुचलं. पण समोर असता तर तुम्ही मला ते मानू दिले असते का, याची शंकाच आहे. आणि मानले असते तर आपलं भांडण मी हरलो असं तुम्ही धरलं असतं.

त्यानंतर जे झालं ते लिहिण्याआधी विहिरीचं सांगतो, कारण तुम्ही तेच आधी विचारलं असतंत. तुमचं दहावं झाल्यावरच्या रविवारी मी विहिरीवर गेलो. आई आडवी आली. "आप्पाच्या रानात मी खुरपायला जाती. त्यांनी उद्या येऊ नगं म्हनलं तर? तुला काय कळतंय का न्हाई?" तिचं बरोबर होतं. मी तिला म्हणालो, "आई, मी चोरी करायला चाललो न्हाई." माझा टॉवेल मात्र तिनंच दोरीवरून काढून दिला.

आप्पा पायरीवर बसले होते. म्हणाले, "आता नाना न्हाई. नानाचा रविवारबी न्हाई."

मी म्हणालो, "पाळी मोटारीची असती, आप्पा. मी मोटार लावायला आलो न्हाई."

"लय शिकलास रं."

"अजून शिकतोय."

मी कपडे काढले आणि उतरलो. तुमचे चुन्याचे पट्टे अजून आहेत, खालचा भाग थोडा धुतला गेलाय. मी दीड किलोमीटर पुरं केलं. वर आलो तेव्हा आप्पा तिथंच बसून होते. दुसऱ्या दिवशी आई खुरपायला गेली, तिला त्यांनी नेहमीसारखं कामाला लावलं. पुढं काय करतील माहीत नाही. पण दर रविवारी मी जातोय. अडवलं तर भांडीन. तुमच्या मुलांशीही भांडीन. या विहिरीत आमच्या वस्तीतली अजून दोन पोरं उतरवायची आहेत. उतरवायची म्हणालो बघा, मीपण. उतरणार आहेत, असं लिहायला पाहिजे.

आता त्या रविवारचं. हे सगळं मी नानींना वाचून दाखवलं आणि शेवटचं लिहू का म्हणून विचारलं. लोक त्यांना बोलतील, म्हणून इतके दिवस मी गावात तोंड उघडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "लिव की. मी काय कुनाला भितीया व्हय?" म्हणून लिहितोय.

सकाळी सातला पाण्यात उतरलो. पुढं कुणाची टोपी धरली नाही. सहा हात, डोकं वर, समोरच्या डोंगराची सोंड बघायची, पुन्हा सहा हात. खांदा डावीकडं ओढत होता, मी त्याला परत आणत होतो. एकदा एक होडी माझ्याजवळ आली, पण ती दुसऱ्यासाठी होती. बेचाळीस मिनिटांत बाहेर आलो. सायकलला वारा समोरून होता. पळताना सातव्या किलोमीटरला पिंढरीत गोळा आला, थोडं चाललो, पुन्हा पळालो. अकराला काही मिनिटं कमी असताना कमानीखालून गेलो. कमान या वेळी पूर्ण उभी होती. माझ्या मागं अजून बरेच जण यायचे होते.

मेडल मिळालं. आधी पाणी प्यालो. मग बॅगेतून मोबाइल काढला आणि तुमच्या नंबरला फोन लावला. नानींनी उचलला.

"झालं का रं?"

"झालं, नानी! वेळेत झालं!"

"पानी?"

"सरळ पोहलो. कुणी काढलं न्हाई. नानांना द्या की."

"सायकल, पळनं, समदं?"

"समदं. पायात गोळा आला हुता, पर केलं. नानांना द्या, मी सांगतो."

पलीकडं बायकांचे आवाज येत होते. मला वाटलं, भेटायला माणसं आली असतील दवाखान्यात.

"काय खाल्लंस का?"

"खातो. नानांना..."

"बाळा, बस कुठंतरी. बसलास का? हे गेलं. पहाटंच गेलं. मातीबी झाली आत्ता. तुझ्या आईला मीच म्हनलं, त्याला फोन करू नगं. पोराला पान्यातनं का काढलंस म्हनून मला वर गेल्यावर बोललं असतं."